बारीक माल

ज्या बाईनं उभ्या जन्मात क्रेटच्या क्रेट टोमॅटो पिकवून मार्केट यार्डात धाडले, तिची अब्रू चौथ्या मजल्यावरच्या तीन कुंड्यांनी काढावी, याला काय म्हणायचं? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! पण सरुबाईची बाजूही ऐकून घ्या. तिनं जे केलं ते मायेपोटी केलं. आणि मायेपोटी केलेल्या चुकीची एक गंमत असते, समोरचा धड रागावतसुद्धा नाही. रागावला असता तर बरं, असं वाटायची पाळी येते.

धायरीत जिथं सरुबाईचं टोमॅटोचं वावर होतं, तिथंच आता चार इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्या एकीत तिचा फ्लॅट आहे. याचं तिला फार दुःख होतं असं मुळीच समजू नका. गुडघे दुखत होते, लिफ्ट होती, नळाला पाणी होतं. तिचा नवरा दत्तोबा तर पाहुण्यांना सांगायचा, "आमी आमच्याच वावरात ऱ्हातो. फकस्त जरा वर सरकलोय." सरुबाईला चुटपूट होती ती एवढीच, की हाताला काम उरलं नव्हतं. भाकरी थापायची, देवाला फूल वाहायचं आणि मग टीव्हीवर दुसऱ्यांच्या सुनांची भांडणं बघत बसायचं.

स्वतःच्या सुनेशी तिचं भांडण नव्हतं. तिथंच तर सगळं अडलं! तेजस्विनी कोथरूडची. मुलगा ऋषी आणि ती एकाच कंपनीत कामाला होती, तिथं जमलं. पोरगी लहान असतानाच तिची आई गेलेली. वडिलांनी एकट्यानं वाढवली, वेण्या घालण्यापासून परीक्षेला सोडण्यापर्यंत. यज्ञेश्वर त्यांचं नाव. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेला माणूस, आणि स्वभावही भूमितीचाच, सगळं सरळ रेषेत. पोरीनं धायरीच्या शेतकऱ्याच्या पोराशी लग्न करायचं ठरवल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "माझी हरकत आहे. पण तू विचारायला आलेली नाहीस, सांगायला आली आहेस. तेव्हा ऐकलं." लग्नाला ते आले नाहीत. त्यानंतर दीड वर्ष उलटलं तरी या घराची पायरी चढले नाहीत. पोरगी दर रविवारी फोन करायची. पलीकडून "बरं," "ठीक," "गोळ्या चालू आहेत," एवढंच यायचं. फोन ठेवल्यावर तेजस्विनी उगाचच ओटा पुसत बसायची, आणि स्वच्छ ओटा पुन्हा पुसणाऱ्या बाईच्या मनात काय चाललंय, हे सरुबाईला कुणी सांगायला लागत नव्हतं.

दिवाळीनंतर तेजस्विनीनं गॅलरीत तीन कुंड्या आणल्या आणि टोमॅटो लावले. सरुबाईला हसू आवरेना.

"आगं, ही माती हाय का नारळाच्या शेंड्या?"

"कोकोपीट आहे, आई. हलकं असतं."

"हलकंच हाय. वाऱ्यानं उडून खालच्यांच्या चहात पडंल."

हसली खरी, पण रोज सकाळी पहिली नजर तिथंच जायची. रोपं गुडघाभर झाली तशी तिनं न विचारता बांबूच्या काड्या रोवल्या, सुतळीनं बांधून दिलं, पानांच्या बेचक्यात फुटलेल्या बगलफुटी खुडून टाकल्या. तेजस्विनी ऑफिसातून आली की दोघी चहाचे कप घेऊन गॅलरीत उभ्या राहायच्या. पहिली फळं धरली त्या दिवशी तेजस्विनी हरखून बोट लांब करून म्हणाली, "आई, ते बघा, तिथं!"

सरुबाईनं तिचं बोट मुठीतच पकडलं. "आगं आगं! कवळ्या फळाला बोट दाखवू न्हाई. झडतं. दाखवायचंच झालं तर आसं, बोट दुमडून." आणि तिनं तर्जनी वाकवून पेरानं दाखवलं.

"आणि सरळ दाखवलं तर?"

"तर झाडाला वाटतं आपल्यावर कुणी आळ घेतंय."

हे कारण तिनं तिथल्या तिथं बनवलं होतं. खरं कारण तिच्या सासूनंही तिला सांगितलं नव्हतं. पण तेजस्विनीला ते इतकं आवडलं, की त्या दिवसापासून ती दुमडलेल्या बोटानंच दाखवू लागली, पुढं पुढं तर भाजीवाल्याच्या गाडीवरची वांगीसुद्धा.

संक्रांत झाली आणि त्या आठवड्यात कोथरूडहून आपणहून फोन आला. तेजस्विनीनं तो स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे सरुबाईनंही ऐकला. आवाज कोरडा ठणठणीत. "रविवारी सकाळी येईन म्हणतो. घरी असाल तर. जेवायला थांबेनच असं नाही."

फोन बंद झाला तरी पोरगी तो हातात धरून तशीच उभी. मग तिनं सासूला मिठी मारली, रडली, हसली, आणि गॅलरीत जाऊन कुंड्यांकडे बघत राहिली. "रविवारपर्यंत थोडे तरी लाल होतील ना, आई? बाबांच्या ताटात मला हेच वाढायचे आहेत."

"व्हतील की," सरुबाई म्हणाली. "त्यांचं सोड माज्याकडं."

सोड माझ्याकडं! याच दोन शब्दांनी घात केला.

त्या दिवसापासून सरुबाईची झोप उडाली. व्याही येणार, पहिल्यांदा येणार, आणि ताटात वाढायचा तो या घरचा टोमॅटो. जाऊन बघते तर काय, एकेका घोसाला ही खंडीभर फळं, आणि एकही धड बोराहून मोठं नाही! त्यातल्या काहींना तर इवल्याशा अंगावर पिवळसर झाक यायला लागलेली. वाढायच्या आधीच पिकायला निघाले म्हणजे काय? मार्केट यार्डात असला माल आडते हातातसुद्धा धरत नसत. "बारीक माल" म्हणून बाजूला लोटायचे, आणि तो टेंपोतून परत यायचा तो थेट गुरांपुढं. सरुबाईच्या सासऱ्यानं तिला लग्न झाल्या झाल्या एकच गोष्ट शिकवली होती. घोसाला फळं जास्त धरली की सगळीच उपाशी राहतात. तीन-चार ठेवायची, बाकीची लहान असतानाच काढायची, म्हणजे राहिलेली मुठीएवढी होतात. त्या एका युक्तीवर सरुबाईच्या क्रेटला गिऱ्हाईक थांबून राहायचं.

तिनं दत्तोबाला विचारलं. तो पेपर वाचत होता. पेपर खाली न करता म्हणाला, "सुनंच्या झाडाला हात लावू नगंस."

"पन ती उपाशी हायती वो."

"सून?"

"फळं!"

"मंग ऱ्हाऊ दे उपाशी. तुला कोन इचारलंय?"

आता नवऱ्याचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण नवऱ्याचं ऐकायची सरुबाईला सवय नव्हती, आणि या वयात नव्या सवयी लागत नाहीत. बुधवारी तेजस्विनी आणि ऋषी ऑफिसला गेले. सरुबाई पदर खोचून गॅलरीत बसली आणि नखानं देठ खुडत गेली. खुडताना ती त्या झाडांशी बोलत होती. "थांबा गं बायांनो, आता पोटभर जेवाल. रविवार लई जवळ आलाय, जरा नेट लावा." प्रत्येक घोसाला सगळ्यात हिरवी, टणक, वाढीला वाव असलेली तेवढी तीन-चार ठेवली. ज्यांना पिवळी झाक आली होती, ती तर तिनं सगळ्यात आधी काढली. त्यांचं वय झालं होतं ना! म्हणजे रविवारपर्यंत जी लाल होणार होती, नेमकी तीच. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

खुडलेल्यातली निम्मी फळं तिनं शेजारच्या जुन्या घरातल्या तुळजाबाईला शेळीसाठी दिली. उरलेल्यांची तीळ, लसूण आणि मिरची घालून चटणी केली. मिक्सरवर नाही, पाट्यावर. फ्लॅटमध्ये येताना सगळं सोडलं, पाटा सोडला नव्हता. संध्याकाळी सून येईपर्यंत तिनं कुंड्यांना शेणखताचं पाणीही दिलं आणि शाबासकीची वाट बघत बसली.

तेजस्विनी आली, बॅग ठेवून सवयीनं गॅलरीत गेली, आणि तिथंच थांबली.

"बघितलंस?" सरुबाई मागून आली. "निस्ती गर्दी झाली व्हती. आता बघ कशी फुगत्यात ती. पेरूएवढी न्हाई झाली तर नाव बदल माजं."

तेजस्विनीनं एका घोसाला हात लावला. मग दुसऱ्या. मग ती हसायला लागली. सरुबाईही हसली. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की पोरीच्या हसण्यात पाणी आहे.

"आई, ते मोठे होत नाहीत."

"व्हत्यात गं, जरा धीर—"

"नाही होत. ते एवढेच असतात. चेरी टोमॅटो आहेत ते. बोराएवढेच पिकतात. त्यांची जातच तशी."

सरुबाईला पहिल्यांदा काही कळलंच नाही. बारीक मालाची मुद्दाम लावलेली जात? आडते ज्याला हात लावत नाहीत, ते कुणी आवडीनं कुंडीत लावतं? मग तेजस्विनी तिथंच फरशीवर बसली आणि बोलत गेली. कोथरूडच्या घरी गॅलरीत बाबांनी हेच टोमॅटो लावलेले असायचे. आई गेल्यावर ती काही खायचीच नाही. भाजी नाही, आमटी नाही. बाबा तिला गॅलरीत न्यायचे आणि झाडावरून तोडून एकेक टोमॅटो तिच्या तोंडात टाकायचे. मग पोळीचा घास. मग टोमॅटो. मग पोळी. शाळेच्या डब्यात रोज मूठभर तेच असायचे. दरवर्षी दोघं मिळून बी कागदावर वाळवायची. घर सोडताना तिनं बाकी काही घेतलं नव्हतं. वाळवलेलं बी तेवढं आपल्या जुन्या कंपासपेटीत घालून आणलं होतं.

"बाबांनी टोमॅटो बघितले असते ना, तर मला काही बोलावंच लागलं नसतं," ती म्हणाली. "मला बोलता येत नाही त्यांच्याशी. त्यांनाही नाही येत."

सरुबाई मटकन खाली बसली. "आगं, मग मला आदी का न्हाई सांगितलंस?"

"मला वाटलं, तुम्हाला टोमॅटोतलं सगळं कळतं."

हा टोमणा नव्हता, म्हणून तर जास्त लागला.

त्या रात्री सरुबाई जेवली नाही. दत्तोबाला खरं तर "मी सांगितलं होतं" म्हणायची नामी संधी होती. पण चाळीस वर्षं संसार केलेला माणूस, कुठली संधी सोडायची ते त्याला कळत होतं. त्यानं मुकाट्यानं स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून तिच्यापुढं ठेवली.

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या ती तुळजाबाईकडं धावली. तुळजाबाई म्हणाली, "शेळीनं कवाच फस्त केली. लई आवडली गं तिला. आनखी हायती का?" सरुबाईनं त्या शेळीकडे असं काही बघितलं, की ती बिचारी दोरी ताणून मागे सरकली. मग तिनं कुंड्यांमागं पडलेली चार-दोन फळं शोधून काढली आणि केळ्यासोबत तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. शनिवारी उकरून बघते तर केळं पिकून काळं पडलेलं, आणि फळं सुरकुतून गेलेली. कोवळं फळ ते, कुठून पिकणार? आणि हे तिलाच सगळ्यात चांगलं ठाऊक होतं.

"आई, चिल," ऋषी म्हणाला. "दहा मिनिटांत येतात चेरी टोमॅटो. ऑर्डर करतो." आले सुद्धा, प्लॅस्टिकच्या डबीत, लाल चुटुक, एकसारखे. तेजस्विनीनं डबी उघडून एक चावून बघितला आणि झाकण लावून टाकलं. "नकोत. बाबांना एका घासात कळेल." ती कुणावर चिडली नव्हती. सासूला तर तिनं उलट जवळ घेतलं होतं. पण घरात ओटा पुन्हा दोन-दोनदा पुसला जाऊ लागला होता.

रविवार उजाडला. बेल वाजली. दारात यज्ञेश्वर उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात केळ्यांची फणी, पायांत चपला तशाच. पोरीकडे बघून म्हणाले, "बारीक झालीस." पोरगी म्हणाली, "तुम्हीपण." दीड वर्षाचं बोलणं एवढ्यात उरकलं.

"पत्ता सापडायला त्रास झाला," ते दत्तोबाला म्हणाले. "चारही इमारती सारख्याच."

"आदी येगळ्या व्हत्या," दत्तोबा म्हणाला. "एकात टोमॅटो, एकात कांदा, एकात गुरांचा घास आन एकात भावकी."

व्याह्यांच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. पण चपला काढायला ते तयार नव्हते. "बसत नाही फार. बस चुकेल." मग तेजस्विनीच नुसतं "बाबा" म्हणाली, तेव्हा काढल्या, पण उंबऱ्याला लागूनच ठेवल्या, तोंडं बाहेर करून. उठायचं, घालायच्या आणि निघायचं. सरुबाईनं ते बरोबर हेरलं.

कसंबसं जेवायला थांबायला लावलं. स्वयंपाकघरात ताट वाढताना सरुबाई एकटी होती. बाजरीची भाकरी, भरलं वांगं, लोणी. ताटाच्या डाव्या बाजूला एक जागा मोकळी होती. फ्रिज उघडला तर समोर ती डबी. लाल चुटुक. काय हरकत आहे, तिच्या मनात आलं. वाढते मी. तेजूला सांगायचीच नाही. कळलं तर म्हणेन, म्या म्हातारीनं ठेवलं, पोरीला ठाऊक न्हाई. पाप लागलं तर मला लागू दे. तिनं डबी हातात घेतली, झाकणही काढलं. आणि मग तिला ती लहानगी पोर दिसली, तोंड उघडून बापापुढं उभी असलेली. तिच्या त्या टोमॅटोच्या जागी हे दुकानातले? सरुबाईनं डबी परत ठेवली आणि मागची चटणीची वाटी काढली. त्या मोकळ्या जागेत चटणी वाढली, आणि देवाचं नाव घेऊन ताट बाहेर नेलं.

यज्ञेश्वर खाली मान घालून जेवत होते. त्यांनी भाकरीला चटणी लावून घास घेतला. चावता चावता थांबले. दुसरा घास नुसत्या चटणीचा घेतला.

"ही कशाची?"

तेजस्विनीनं सासूकडे बघितलं. सरुबाई उभीच होती, ती भिंतीला टेकली आणि एका दमात बोलली. "पाव्हणं, तुमच्या पोरीनं तुमच्यासाठी टोमॅटो लावलं व्हतं. बारकं, तुमच्या घरचं. रविवारला पिकणार व्हतं. मला वाटलं उपाशी ऱ्हाऊन खुरटलेत, म्हनून म्या बयेनं मोठं व्हावं म्हनून तोडून टाकलं. ही त्येचीच चटनी. पोरीचा काय बी दोष न्हाई. काय बोलायचं ते मला बोला, पन तिला म्हनू नगा की तिला तुमची याद न्हाई."

दत्तोबानं भाकरी ताटात ठेवली. यज्ञेश्वरांनी बोटाला लागलेली चटणी पुन्हा चाखून बघितली.

"कोणतं बी?" त्यांनी विचारलं. विचारलं पोरीला, पण तिच्याकडे न बघता.

"आपल्या गॅलरीतलं."

"कुठं होतं?"

"माझ्या कंपासपेटीत."

"मी शोधलं," ते म्हणाले. आवाज तोच कोरडा, पण मध्येच कुठंतरी अडखळला. "मागच्या वर्षी लावायला काढलं, तर डबा रिकामा. मला वाटलं, जाताना तू फेकून गेलीस. म्हणजे, गॅलरी आवरताना. चुकून."

"बाबा!"

"नवीन आणलं नाही मग. दुकानात मिळतं. पण म्हटलं, कशाला."

बघा म्हणजे. दीड वर्षाचा अबोला, आणि त्याच्या तळाशी चिमूटभर बी! सरुबाईनं पदर तोंडाला लावला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण या माणसाचा पीळ म्हणजे निव्वळ न विचारलेला एक प्रश्न होता. एक फोन करून विचारलं असतं तर? पण नाही, भूमितीवाले!

यज्ञेश्वर उठले, हात धुतले आणि गॅलरीत गेले. मागोमाग सगळे. ते कुंड्यांपुढं वाकले, एका पानाला बोटानं चोळून वास घेतला, आणि त्यांच्या खांद्यांतला ताठा जरासा उतरला. प्रत्येक घोसाला तीन-चार हिरवी फळं, विरळ विरळ. "आहेत की," ते म्हणाले. "हा एक, तो मागचा, आणि तिथं—" आणि शाळेत फळ्यावर दाखवावं तसं त्यांनी बोट सरळ ताणून दाखवलं.

सरुबाईचा हात पुढं आला आणि थांबला. व्याह्यांना कसं सांगायचं? या माणसाला? ते म्हणतील, अंधश्रद्धा. म्हणतील, याच घरात दिली का मी माझी मुलगी.

"बाबा, बोट दुमडा," तेजस्विनी म्हणाली.

"काय?"

"कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवायचं नाही. आमच्याकडे दुमडून दाखवतात."

आमच्याकडे. तो शब्द पोरीच्या तोंडून सहज निघून गेला होता. यज्ञेश्वरांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग सरुबाईकडे. बोट अजून तसंच ताठ, हवेत. मग त्यांनी ते बोट हळूच दुमडलं आणि पेरानं दाखवलं, "आणि तिथं खाली एक." बस्स. कारणही विचारलं नाही.

सरुबाईला रडूच फुटलं. तिनं ते लपवलंही नाही. "बियान्यासाठी आसंच ठेवत्यात, पाव्हणं," ती डोळे पुसत म्हणाली. "घोसाला मोजकी. म्हंजी बी चांगलं भरतं."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम केलंत."

"न्हाई वो, चुकून."

"ते कळलं. मी तुम्हाला पळवाट देत होतो," यज्ञेश्वर म्हणाले, आणि दत्तोबा इतक्या मोठ्यानं हसला की खालच्या मजल्यावरचं कुणीतरी वर बघायला लागलं. मग सगळेच हसले. यज्ञेश्वर हसले ते आवाज न करता, पण तेजस्विनीनं त्यांचा दंड धरला होता आणि तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

"कधी पिकतील?" निघताना त्यांनी विचारलं.

"आनखी पंधरा दिस तरी जातील," सरुबाई म्हणाली.

"मग पुढच्या रविवारी येतो."

"पुढच्या रविवारी न्हाई पिकायची, पाव्हणं."

"ऐकलं," ते म्हणाले. "तरी येतो." आणि चपला घालता घालता, पाठमोरेच, "तोवर कृपा करून त्यांना जेवायला घालू नका."

सरुबाईनं त्यांच्या पिशवीत चटणीचा डबा कोंबला. ते नको म्हणाले नाहीत.

पुढच्या रविवारी सरुबाई पहाटेपासून कुंड्यांभोवती घिरट्या घालत होती. हात मागे बांधून, बरं का. एकही फळ लाल झालेलं नव्हतं. बेल वाजली तशी तीच धावली. दारात यज्ञेश्वर, हातात रिकामा डबा, धुऊन पुसून आणलेला.

"पिकले का?"

"न्हाई वो. एक बी न्हाई."

"छान," यज्ञेश्वर म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, वाकून उचलल्या, आत आणल्या आणि कपाटाखाली ऋषीच्या बुटांशेजारी ठेवून दिल्या.